कुटुंबविघटन आणि किशोरमैत्री : त्र्यूफो यांच्या एका चित्रपटाचा विचार

फ्रांस्वा त्र्यूफो यांचा 'ले कात्र सां कू' हा पहिला दीर्घ कथापट १९५९ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. 'चारशे तडाखे' असे या नावाचे शब्दशः भाषांतर होते. परंतु फ्रेंचमध्ये तो एक वाक्प्रचार असून बेबंद उनाडक्या करणे हा त्याचा अर्थ होय. नाव खोडकर असले तरी आशय विषण्ण आहे. बालगुन्हेगारीचे चित्रण म्हणून या कृतीची चर्चा होते. तथापि येथे गुन्हा हा केवळ परिणाम आहे. मुलाला आधार देणारे नाते आणि समाजाने अधिकृत मानलेले नाते यांतील तफावत, हा चित्रपटाचा खरा विषय होय.

आंत्वान द्वानेल हा शाळकरी मुलगा पॅरिसमधील एका अरुंद घरात आई व सावत्र वडील यांच्यासह राहतो. या घरात जन्मजात दुष्ट असे कोणी नाही. वडील थट्टेखोर आहेत. आई मधूनच मायेने जवळ घेते. एका संध्याकाळी तिघेही चित्रपट पाहून हसत घरी परततात. मात्र या जिव्हाळ्याचा उद्या भरवसा नसतो. शाळा चुकवून भटकत असता आंत्वान आईला परपुरुषाच्या मिठीत पाहतो. पुढे गैरहजेरीचे कारण विचारले जाताच 'आई वारली' असे तो सांगून टाकतो. शाळेच्या लेखी ही निव्वळ थाप असते. तिचे मूळ प्रेक्षकाला ठाऊक असते. ती उघडकीस येते तेव्हा वडील वर्गासमोर त्याच्या थोबाडीत देतात.

अशा वेळी त्याला थारा देतो तो वर्गमित्र रने. रनेचे घर मोठे व सुखवस्तू आहे. पण तेथेही आईबापांचे मुलाकडे लक्ष नाही. म्हणूनच तो मित्राला त्या घरात लपवून ठेवू शकतो. या मैत्रीत निष्ठा आहे, सामर्थ्य नाही. ती आसरा देऊ शकते, संरक्षण देऊ शकत नाही. पैशासाठी वडिलांच्या कचेरीतून चोरलेले टंकलेखन यंत्र विकले जात नाही, आणि ते परत ठेवावयास गेलेला आंत्वान पकडला जातो. वडीलच त्याला पोलिसांच्या स्वाधीन करतात.

फ्रान्समध्ये २ फेब्रुवारी १९४५ च्या अध्यादेशाने अल्पवयीन गुन्हेगारांच्या बाबतीत शिक्षेपेक्षा सुधारणेला अग्रक्रम दिला आणि बालन्यायाधीशाचे पद निर्माण केले. चित्रपटात या न्यायाधीशापुढे आई आपल्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्यास संमती देते. पुढे भेटीच्या दिवशी रने सायकलवरून तेथे येतो. त्याला आत सोडले जात नाही. आईला प्रवेश मिळतो, आणि यापुढे घर त्याला परत घेणार नाही, हे ती मुलाला ऐकवते. नियमांच्या दृष्टीने यात काहीही चुकलेले नसते. नात्याची कायदेशीर बाजू आणि तिचा गाभा येथे एकमेकांपासून पूर्णपणे सुटलेले दिसतात.

या कथेस आत्मचरित्राचा आधार आहे. त्र्यूफो यांनाही १९४८ साली त्यांच्या सावत्र वडिलांनी पोलिसांकडे सोपवले होते. रनेच्या मागे त्यांचे बालमित्र रोबेर लाशने आहेत. परंतु त्र्यूफो यांना समीक्षक आंद्रे बाझां यांच्यासारखा पाठीराखा लाभला. चित्रीकरण सुरू होताच, नोव्हेंबर १९५८ मध्ये, बाझां निवर्तले व चित्रपट त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला. आंत्वानच्या जगात मात्र असा एकही प्रौढ नाही. दिग्दर्शकाने आपल्या सुटकेचा हा धागा कथेतून वगळला, यातच कृतीचा कठोर प्रामाणिकपणा आहे.

अखेरीस आंत्वान निरीक्षणगृहातून पळून समुद्रापर्यंत धावतो. तो समुद्र त्याने पूर्वी कधी पाहिलेला नसतो. पाण्यात पाऊल पडताच तो मागे वळतो आणि त्याच्या चेहऱ्यावर चित्र गोठते. या दृश्यास मुक्तीचे प्रतीक मानणे अपुरे ठरेल. येथे पाठलाग करणारे कोणी दिसत नाही, त्याचप्रमाणे रनेही सोबत नाही. पुढे पाणी आहे, मागे परतण्यास घर नाही. यापुढे या मुलाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न चित्रपट अनुत्तरित ठेवतो.