सूर्य व तारे यांच्या निरीक्षणासाठी सुवाह्य दूरदर्शकाची निवड

दूरदर्शक घेऊ इच्छिणारा विद्यार्थी बहुधा प्रथम विचारतो, ‘हा किती पट मोठे दाखवितो?’ प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु निवडीच्या दृष्टीने तो गौण होय. वर्धन म्हणजे वस्तुभिंगाच्या व नेत्रभिंगाच्या केंद्रांतरांचे गुणोत्तर. नेत्रभिंग बदलले की तेही बदलते. दूरदर्शकाची खरी शक्ती वस्तुभिंगाच्या (किंवा आरशाच्या) व्यासावर अवलंबून असते. तथापि एकच उपकरण दिवसा सूर्यासाठी व रात्री ताऱ्यांसाठी वापरावयाचे असेल, आणि ते हाती उचलून नेता यावयाचे असेल, तर व्यासासंबंधीच्या या नियमासही मुरड घालावी लागते. ती कोठे व का घालावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रात्रीच्या आकाशात प्रकाशाचे दुर्भिक्ष असते. २०० मि.मी. व्यासाचा आरसा ८० मि.मी. भिंगाच्या सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो. म्हणजेच सुमारे दोन प्रतींनी अधिक अंधुक तारे दाखवितो. नरतुरंगातील ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ लहान भिंगातून धूसर ठिपक्यासारखा दिसतो, तर मोठ्या आरशातून त्यातील तारे सुटे दिसू लागतात.

सूर्याच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. तेथे प्रकाश गोळा करण्याचा प्रश्न नसून तो टाकून देण्याचा आहे. विभेदनक्षमतेपुरता व्यास हवा हे खरे. विकलांतील विभेदनमर्यादा ११६ भागिले मि.मी.तील व्यास या स्थूल सूत्राने मिळते. ती ८० मि.मी.साठी १·४५ विकला, तर २०० मि.मी.साठी ०·५८ विकला येते. परंतु दिवसा तापलेल्या जमिनीवरील हवेच्या चंचलतेमुळे प्रतिमा बहुधा दोन-तीन विकलांपेक्षा सुस्पष्ट होतच नाही. यास्तव सुमारे १०० मि.मी.हून अधिक व्यासाचा दिवसा फारसा लाभ मिळत नाही. सौर डागांची प्रच्छाया व उपच्छाया ८० मि.मी. भिंगातून उत्तम दिसतात. हवा स्थिर असल्यास पृष्ठभागाचा कणीदार पोतही जाणवतो.

येथे सुरक्षिततेचा विचार सर्वांत आधी करावयास हवा. ८० मि.मी. भिंगावर भर दुपारी सुमारे ५ वॉट ऊर्जा पडते. केंद्रांतर ६०० मि.मी. असल्यास सूर्याची प्रतिमा सुमारे ५·६ मि.मी. व्यासाची होते, तेथे उष्णतेची तीव्रता साध्या उन्हाच्या सुमारे २०० पट होते. दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसल्यामुळे डोळा भाजत असताना निरीक्षकास ते कळतही नाही. म्हणून प्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत सोडणारा, सौर निरीक्षणासाठीच बनविलेला गाळक दूरदर्शकाच्या पुढील तोंडावर घट्ट बसविला पाहिजे. नेत्रभिंगावर बसवावयाचे लहान काळे गाळक तापून तडकतात. ते मुळीच वापरू नयेत. शोधक दुर्बिणीचे तोंडही झाकावे. पडद्यावर प्रतिमा पाडण्याची जुनी पद्धत साध्या अपवर्तकास योग्य आहे. आखूड नळीच्या संयुक्त परावर्तकात मात्र आत कोंडलेली उष्णता उपकरणाची हानी करते.

सूर्याच्या कडेवरील ज्वालाशृंगे श्वेत प्रकाशाच्या गाळकातून दिसत नाहीत. १८६८ मध्ये गुंटूर येथे खग्रास ग्रहण पाहिल्यानंतर जान्सेन यांनी वर्णपटदर्शकाच्या साहाय्याने ती ग्रहणाविनाही पाहिली. आज त्यासाठी ६५६·३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हायड्रोजन रेषेचा अरुंद पट्टा निवडणारे गाळक मिळतात. ते महाग असतात, व केवळ त्यासाठी बनविलेला दूरदर्शक रात्री निरुपयोगी ठरतो. म्हणून आरंभीच त्यावर खर्च करणे इष्ट नव्हे.

आता प्रकारांची तुलना करू. परावर्तक त्याच किमतीत अधिक व्यास देतो, पण नळी अवजड असते, आणि प्रवासानंतर आरशांचे अक्ष पुन्हा जुळवावे लागतात. मॅक्सुटॉव्ह पद्धतीचा दूरदर्शक आखूड व सुटसुटीत असतो. मात्र त्याचे दृश्यक्षेत्र अरुंद असून बाहेरच्या तापमानाशी जुळण्यास त्यास वेळ लागतो. लहान अपवर्तकात वर्णविपथनाचा दोष राहतो, पण सूर्य पाहताना हिरवा गाळक जोडल्यास तो बराच झाकला जातो. हा दूरदर्शक लवकर सज्ज होतो व सहसा पुन्हा जुळवावा लागत नाही. ६०० मि.मी. केंद्रांतरास २५ मि.मी.चे नेत्रभिंग जोडल्यास वर्धन २४ पट होते व कृत्तिकांचा पुंज एका दृष्टिक्षेपात मावतो. ४० पट वर्धनावर संपूर्ण सूर्यबिंब दिसते.

बैठकीकडे सहसा दुर्लक्ष होते. डळमळणाऱ्या तिपाईवर उत्तम भिंगही व्यर्थ होय. विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवाक्ष स्थानिक अक्षांशाइतका कललेला असावा लागतो. पुण्यास तो केवळ साडेअठरा अंश येतो. मध्यम अक्षांशांसाठी घडविलेल्या कित्येक बैठकी इतक्या खाली झुकत नाहीत, किंवा त्यांचे प्रतिभार तिपाईच्या पायास अडतात. ध्रुवताराही क्षितिजालगतच्या धुरकटात अनेकदा लोपतो. दृष्टीने करावयाच्या निरीक्षणास दिगंश-उन्नतांश पद्धतीची भक्कम बैठक पुरेशी आहे. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून ती कोरडी करून आर्द्रताशोषकासह बंद पेटीत ठेवावीत.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. नायगमवाला जेऊर येथे गेले होते, तर सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास. ग्रहणाची छाया वेधशाळेकडे चालून येत नाही. उपकरणासच तिच्या मार्गावर जावे लागते. शहरातील प्रकाशापासून दूर जाऊन तारे पाहू इच्छिणाऱ्यासही हाच न्याय लागू आहे.

सारांश, दोन्ही हेतूंसाठी एकच उपकरण घ्यावयाचे असेल, तर ८० ते १०० मि.मी. व्यासाचा अपवर्तक, पुढे बसणारा सौर गाळक व स्थिर बैठक हा संच निवडावा. एका माणसास तो एकाच खेपेत गच्चीवर नेता आला पाहिजे. अंधुक अभ्रिकांचाच अभ्यास करावयाचा असल्यास मात्र ही निवड अपुरी पडेल, हेही आरंभीच ओळखून असावे.