हात मोडल्यावर हाडवैदाकडे नको

कोपर ते मनगट या भागात दोन हाडे असतात. तळहात उताणा-पालथा करताना एक दुसऱ्याभोवती फिरते. ओंजळ धरणे, पाना फिरवणे, भाकरी थापणे त्यामुळेच जमते. लहान मुलांचा हात बहुधा प्लास्टरने बरा होतो. मोठ्या माणसाची दोन्ही हाडे मोडून सरकली, तर प्लास्टरमध्ये ती जागेवर राहत नाहीत. वाकडी जुळली की हात फिरत नाही. हातावर पोट असणाऱ्याचे कामच जाते. म्हणून डॉक्टर ऑपरेशन करून प्लेट-स्क्रू बसवायला सांगतात. दरवेळी त्यात पैशाचाच डाव शोधू नये. करंगळीच्या बाजूचे एकच हाड मोडले व फारसे सरकले नसेल, तर मात्र प्लास्टर पुरते.

हाडवैद कामट्या लावून करकचून बांधतो. आत सूज वाढते, रक्त अडते. दुखणे वाढतच गेले, बोटे सरळ करताना कळ आली, मुंग्या आल्या, तर बांधलेले लगेच सोडून इस्पितळ गाठा. सकाळची वाट पाहू नका. काही तासांत स्नायू मरतात व बोटे कायमची आखडतात. प्लास्टरमध्येही असे होऊ शकते.

महाराष्ट्रात असाल तर रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. हाड जुळायला साधारण ३-४ महिने लागतात. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवावीत.