सहाशेतले सहा

गेल्या वर्षी आलेली एका अरंगेत्रमची, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाची, पत्रिका अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. फोटोतली मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूंना उघडून अर्धवट बसलेली, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरलेले. पण ती थांबली आहे असं वाटतच नाही. पुढच्या मात्रेला उठेल असं वाटतं. फोटो काढणाऱ्या दादांना कार्यक्रमात गाठलं, तर ते एवढंच म्हणाले, "सहाशे काढले, त्यातले सहा हाताला लागले."

यंदा आमच्याच इमारतीतल्या मुलीचं अरंगेत्रम ठरलं आणि फोटोही तेच दादा काढणार होते. तिच्या आईला विचारून मी बरोबर गेले.

पहाटे साडेतीनला मेकअपच्या मावशींनी मुलीला पाटावर बसवलं. बेस, काजळ, वेणी, गजरा, अळता. मावशींच्या तोंडात सतत तीन-चार सेफ्टी पिना, त्यामुळे बोलणं नाकातून. कपाळावरची नेत्तीचुट्टी अगदी भांगाच्या रेषेत बसेपर्यंत त्यांनी ती चार वेळा काढून लावली. "इथं केसभर सरकली ना बाळा, तर फोटोत तोंडच वाकडं दिसतं." खोलीत हेअरस्प्रे आणि मोगऱ्याचा एकत्र वास भरला होता. अजूनही कुठे मोगरा दिसला की मला तो स्प्रेही आठवतो. शेवटी कंबरपट्टा आवळला. आईने पोह्यांची बशी पुढे केली, तर मुलगी म्हणाली, "नको, पोट दिसेल."

दिवेघाट चढून सासवडच्या बाजूला गेलो. कऱ्हेकाठचं एक जुनं शिवमंदिर दादांनी आधीच पाहून ठेवलं होतं, पुजाऱ्यांनाही विचारून ठेवलं होतं. कोवळं ऊन साधारण तासभर टिकतं, तेवढ्यात काम उरकायचं. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मग कितीही काजळ घाला, उपयोग नाही.

दादा गोणपाटाची घडी घालून खालच्या पायरीवर बसले. कॅमेरा मुलीच्या बेंबीच्या उंचीवर. मी कारण विचारलं. अरमंडीत नर्तिकेची उंची आधीच कमी होते. उभं राहून वरून फोटो काढला तर पाय आखूड दिसतात आणि गुडघ्यांमधला चौकोन मोडतो. लेन्सही लांबची, कारण जवळून काढलं की पुढे आलेला पंजा सुपासारखा मोठा दिसतो. हात सरळ कॅमेऱ्याकडे आला तर कोपरापासून तुटल्यासारखा दिसतो, म्हणून तो जरा तिरका घ्यायचा. हे सगळं ते बोलता बोलता सांगत होते, डोळा मात्र कॅमेऱ्यातून हटत नव्हता.

पहिले शंभर-सव्वाशे फोटो मी त्यांच्या पाठीमागून स्क्रीनवर पाहिले. मुलगी देखणी, वेष सुंदर, मागे काळा दगड. आणि तरीही एकाही फोटोत जीव नव्हता. "हात वर, हनुवटी खाली, हस, धर, धर" असं आई बाजूने सांगत होती आणि मुलगी धरत होती. धरून धरून कोपरं खांद्यांच्या रेषेखाली उतरत होती. हात जाईल तिथे नजर गेली पाहिजे, असा अभिनयदर्पणाचा दंडक आहे. तो पाळायला ती दूर नदीकडे पाहायची आणि फोटोत डोळ्यांचा नुसता पांढरा भाग यायचा. पताका हस्तात चार बोटं एकमेकांना चिकटून सरळ हवीत. तिची करंगळी दर वेळी सुटत होती. आणि गुडघे थरथरत होते. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण घुंगरांचा बारीक आवाज येत होता. थांबलेल्या नर्तिकेच्या पायातून यावा असा तो आवाज नव्हता.

तो आधी ऐकला मावशींनी. त्या पिशवीतून केळं घेऊन पायऱ्या उतरल्या, केळ्याचे बोराएवढे तुकडे केले, मुलीला "आ कर" म्हणाल्या आणि लिपस्टिकला न लागता एकेक तुकडा थेट जिभेवर ठेवत गेल्या. नऊ तुकडे. अठरा वर्षांची, दागिन्यांनी मढलेली मुलगी चिमणीसारखी तोंड उघडून उभी. दादांनी त्या वेळी कॅमेरा खाली ठेवला होता. माझ्यासाठी त्या सकाळचं सगळ्यात सुंदर दृश्य ते होतं आणि त्याचा फोटो कुणाकडेच नाही.

मग ताई पुढे झाल्या. ताई म्हणजे तिच्या गुरू, त्या तोवर एका खांबाला टेकून गप्प बसल्या होत्या. आईला त्यांनी हळूच बाजूला बसवलं, लाकडी पाटी मांडीवर घेतली, काठी उचलली आणि म्हणाल्या, "फोटोचं विसर. नट्टडवू कर, दुसऱ्या काळात." पाटीवर काठी पडली. तैयुम तत तत, तैयुम ता. दगडी मंडपात तो आवाज घुमला आणि मुलीचा पाठकणा आपोआप ताठ झाला.

भरतनाट्यमच्या अडवूंमध्ये, म्हणजे नृत्याच्या मूळ हालचालींमध्ये, शेवटच्या मात्रेला शरीर क्षणभर स्थिर होतं. दादांना तोच क्षण हवा असतो. "ती थांबलेली दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर होतो," ते म्हणाले. त्यांचा डावा अंगठा चपलेत ताल धरत होता आणि बोट सम यायच्या किंचित आधी दाबलं जात होतं. उडीला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. गुडघे पूर्ण उघडले तशा पुढच्या शिवलेल्या चुण्या पंख्यासारख्या पसरल्या. घुंगरू वाजत होते आणि या वेळी मात्रेवर वाजत होते.

"पोज" हा शब्द या कामाला पुरत नाही, हे मला तिथे पटलं. उसनी घेतलेली ऐट कॅमेऱ्याला लगेच कळते. आठ-दहा वर्षं रोज बसून कमावलेली अरमंडी त्याच्यासमोर उभी राहते, पण तिला ताल द्यावा लागतो.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "आमच्या सासूबाईंना हे सगळं मद्रासी वाटतं." ताईंनी गाडीतच समजावलं. अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावर चढणं, हा शब्द तमिळ खरा. पण अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम ही मुलगी सादर करणार आहे, तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी घडवला, आणि हे भाऊ तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारी होते. सरफोजींनी १७९८ ते १८३२ राज्य केलं, नृत्यासाठी मराठीत रचनाही केल्या. पुण्यातल्या सुचेता भिडे-चापेकरांनी तंजावरच्या त्या मराठी रचना अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे पत्रिकेत छापता येईल का?"

फोटो निवडायला मी दादांकडे गेले होते. सहाशे बारा काढले होते. निवडले किती? सहा. सगळे काठी पडल्यानंतरचे. पत्रिकेसाठी आईला पसंत होता तो नटराजाच्या मुद्रेतला, अगदी रेखीव. ताईंनी वेगळ्यावर बोट ठेवलं. त्यात करंगळी जराशी सुटली आहे, गजऱ्यातलं एक फूल खांद्यावर पडलं आहे, पण नजर पसरलेल्या हातापाशी अशी गेली आहे की आपणही तिकडेच पाहतो. "करंगळी मी कार्यक्रमापर्यंत घट्ट करून घेते," ताई म्हणाल्या. तोच छापला.

तुमच्या घरी असा दिवस येणार असेल तर एवढं ऐका. फोटोला मुलीच्या गुरूंना बरोबर न्या, "हस गं, धर गं" म्हणणाऱ्यांनी लांब बसा, आणि कंबरपट्टा आवळायच्या आधी तिला पोटभर खायला घाला.