ध्वजदिन-निधी आणि कार्यालयीन वर्गणी

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ सालापासून दरवर्षी ७ डिसेंबर रोजी पाळण्यात येतो. लाल, गडद निळा व फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज तिन्ही सेनादलांची खूण म्हणून नागरिकांना दिले जातात व त्यांच्याकडून देणगी स्वीकारली जाते. ह्या निधीतून युद्धविधवा, अपंग सैनिक, माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय ह्यांना साहाय्य दिले जाते. निधीच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. प्रश्न आहे तो संकलनाच्या रीतीचा.

महाराष्ट्रात ह्या संकलनासाठी प्रत्येक जिल्ह्यास 'उद्दिष्ट' नेमून दिलेले असते. जिल्हाधिकारी व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ह्यांच्यामार्फत ते निरनिराळ्या शासकीय कार्यालयांत वाटले जाते. मुळशी तालुक्याचे तहसील कार्यालय पौड येथे आहे. त्याचेच उदाहरण कल्पून पाहू. पौडच्या बाजारात एखाद्या विद्यार्थ्याने ध्वज पुढे केला, तर न देणारा पुढे निघून जातो आणि ती गोष्ट तेथेच संपते. कार्यालयात मात्र नकार देणारा लिपिक दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर, त्याच वरिष्ठासमोर बसतो. आणि वर्षाअखेरीस त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार तोही बहुधा हाच वरिष्ठ. गणेशोत्सवाची वर्गणी ज्याने दिली आहे, त्याला 'स्वखुशीने' ह्या शब्दाचे वजन निराळे समजावून सांगावयास नको.

ऐच्छिकता ठरते ती विचारण्याच्या पद्धतीवरून. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर कर्मचाऱ्यांकडून एक महिन्याचे वेतन मागण्यात आले व ज्यांची तयारी नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट घालण्यात आली. उच्च न्यायालयाने त्या अटीस स्थगिती दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या स्थगितीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. देणगी मागण्यास हरकत नव्हती; हरकत होती ती नकार लिहवून घेण्यास. अमेरिकेतील संघराज्य शासनाच्या अशाच मोहिमेचे नियम ह्याहून पुढे जातात: वरिष्ठाने स्वतःच्या हाताखालील नोकराकडे देणगी मागू नये, देणाऱ्यांची यादी त्याला दाखवू नये, आणि शंभर टक्के सहभागाचे ध्येय ठेवू नये.

आपल्याकडे हे करणे अवघड नाही. पावतीपुस्तक वरिष्ठाच्या दालनाबाहेर, दुसऱ्या शाखेकडे ठेवावे. तहसीलदारास केवळ एकूण रक्कम कळवावी. त्यामुळे संकलन घटेल, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही; कारण तुटीचा भार शेवटी एखाद्या युद्धविधवेवर पडतो. परंतु उद्दिष्टपूर्तीसाठी नेहमी त्याच पगारपत्रकाकडे वळण्याची सवय आळसाचीही असू शकते. माहिती-तंत्रज्ञान उद्योगांचे हिंजवडी ह्याच मुळशी तालुक्यात आहे. तेथील पगारदार तहसीलदाराच्या हाताखाली नाहीत. त्यांच्याकडे मागावयाचे तर हेतू समजावून सांगूनच मागावे लागेल.