एका घंटीचा मान

मलकापूरच्या एसटी आगारातून गाडी सुटते तेव्हा तिच्यात दोन कर्मचारी असतात आणि दोघांनाही एकमेकांचं काम पुरतं दिसत नसतं. चालकाची नजर रस्त्यावर. म्हातारीचा पाय पायरीवरून निघाला की नाही, हे त्याला वाहकाच्या घंटीवरून कळतं. एक घंटी म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या टोकाला गाडी वळवायची असली की वाहक खाली उतरतो, शिट्टी वाजवतो, नाहीतर पत्र्यावर थाप मारतो, आणि तेवढ्या आवाजाच्या भरवशावर चालक चिखलातून अख्खी गाडी मागे घेतो. 1 जून 1948 ला पुणे-नगर पहिली एसटी धावली, त्यानंतर किती गोष्टी बदलल्या. तिकिटांचा ट्रे गेला, मशीन आलं. काही गाड्या विनावाहकही धावू लागल्या. खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांवर मात्र ही जोडी अजून टिकून आहे.

सहकाऱ्यांत विश्वास कसा वाढवायचा म्हटलं की आपल्याकडे सहल, वाढदिवसाचा केक, एकत्र जेवण हे उपाय लगेच सुचतात. त्यांनी ओळख वाढते, हे खरंच. पण ड्युटी लागेल तशी चालक-वाहकांची जोडी बदलते. काल सोबत असलेला आज असेलच असं नाही. दोघांत मैत्री असेल, नसेलही. तरी काम निभतं, कारण ज्याच्या हातात स्टिअरिंग नाही त्याच्या एका घंटीवर गाडी थांबलीच पाहिजे, हे दोघांनाही मान्य असतं. माझ्या मते कामाच्या जागचा विश्वास इथे रुजतो. धाकट्याच्या इशाऱ्यावर थोरल्याचं काम थांबतं का, एवढं पाहावं.

तो इशारा झटकला तर काय होतं, याचं भयंकर उदाहरण 27 मार्च 1977 चं आहे. टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं आदळली आणि 583 माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्याने ती बोलून दाखवली. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने ती ठामपणे बाजूला सारली. अपघाताला धुकं, रेडिओवरचा गोंधळ अशी आणखीही कारणं होती. पण पुढच्या काळात विमान कंपन्यांनी हाताखालच्यांना स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनला ऐकायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं, त्यामागे अशाच अपघातांचा धडा होता.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाला घंटी दिली तर शिस्त उरणार नाही. पण वाहक कुठल्या गिअरमध्ये चालवायचं ते सांगत नाही आणि चालक तिकिटाचा हिशेब पाहत नाही. कुणी काय थांबवायचं हे ठरलेलं असलं की शिस्तीला धक्का लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चूक बोलून दाखवणाऱ्याला सांभाळून घेतलं तर बेफिकिरी वाढेल. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी निघतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी मात्र तिथेच जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका लपवत नव्हती, हे त्यांचं स्पष्टीकरण. लपलेल्या चुकीवर कोण काय इलाज करणार? मुद्दाम केलेली हयगय वेगळी. तिला शिक्षा हवीच.

तपासणीनेही विश्वासाला धक्का लागत नाही. वाटेत गाडी थांबवून तिकिटं आणि रोकड ताडून पाहणं हा अविश्वास वाटतो, पण सगळ्यांना सारखाच नियम असला तर प्रामाणिक वाहकाला त्याचा आधारच होतो. रकमेवरून उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याच्या बाजूने कागद बोलतो. मान दुखावतो तो चारचौघांत चढलेल्या आवाजाने. आणि तितकाच दुखावतो तो नोंद वाचलीच न गेल्याने. संध्याकाळी चालकाने ब्रेकची तक्रार लिहून दिली आणि सकाळी गाडी तशीच हाती आली, तर पुढच्या वेळी तो कशाला लिहील? वर्कशॉपमधल्या माणसाने काय दुरुस्त केलं, काय राहिलं, एवढं दोन शब्दांत सांगितलं, तर चालक घाट उतरताना गाडीबरोबर त्या माणसावरही विसंबून असतो.