दर अडीच पायडलला एकदा

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येते: "काका, सायकल वाजतेय." मुरलेला मेकॅनिक त्यावर "कुठे?" असे विचारत नाही, "कधी?" असे विचारतो. पायडल मारताना, की पाय थांबवून सायकल नुसती सोडल्यावर? चढावर, की सपाटीवरसुद्धा? खड्ड्यातून जाताना, की ब्रेक दाबल्यावर? गिऱ्हाईक तोवर खाली वाकून बोट दाखवत असते, इथून, या पायडलपाशी. त्या बोटावर विसंबून सायकल उघडली, छर्रे बदलले, पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा तशीच वाजली, तर नवल नाही. आवाज सीटखालच्या दांड्याचा असू शकतो.

सायकलची चौकट पोकळ नळ्यांची असते आणि त्या नळ्या आवाज दूरवर वाहून नेतात. सीटखालून येणारी नळी, हँडलकडून येणारी तिरकी नळी आणि मागच्या चाकाकडचा चिमटा ही सगळी मंडळी पायडलच्या धुरीपाशी, म्हणजे बीबीपाशी, येऊन मिळतात. त्यामुळे हँडलची कुरकुर असो की सीटची, चालवणाऱ्याला ती आपल्या पायाखालीच ऐकू येते. आवाजाची जागा अशी फसवी असते, पण त्याची वेळ सहसा फसवत नाही.

दूधवाल्यांनी आणि पेपरवाल्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली दांडीच्या ब्रेकची साधी काळी सायकल घ्या. समजा, तिच्या चेनव्हीलला 44 दाते आहेत, फ्रीव्हीलला 18, आणि चेन 112 कड्यांची आहे. पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक 2.44 फेरे घेते. चेनला मात्र स्वतःची एक पूर्ण फेरी मारायला पायडलचे 2.55 फेरे लागतात. एवढे गणित डोक्यात असले की अर्धा तपास सायकलवर बसल्या बसल्या होतो. 'टक्' हा आवाज पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल, तर दोष पायडल, क्रँक, कॉटर, बीबी किंवा चेनव्हीलमध्ये. एका पायडलला दोन-अडीच वेळा येत असेल, तर चाकात: ढिला आरा, रिमचा वाकडेपणा, आऱ्यात अडकलेली काडी. आणि अडीच पायडलला एकदाच येत असेल, तर चेनची एखादी कडी आखडलेली आहे. चेन जिथे जोडली जाते तिथली पिन बऱ्याचदा घट्ट बसते आणि ती कडी नीट वळत नाही. पायडल हळूहळू उलटे फिरवून चेन फ्रीव्हीलवरून सुटताना पाहा. आखडलेली कडी त्या जागी उडी मारते. दोन्ही हातांनी चेन त्या कडीपाशी आडवी थोडी वाकवली आणि तेलाचा थेंब सोडला की काम होते. नवी चेन घ्यायची गरज नसते.

पुढची चाचणी त्याहून सोपी. वेग आला की पाय थांबवायचे. आवाज थांबला तर दोष पायडलपासून फ्रीव्हीलपर्यंतच्या साखळीत. चालूच राहिला तर चाक, ब्रेक किंवा मडगार्ड. मग सीटवरून उठून उभ्याने पायडल मारायचे. आता कुरकुर बंद झाली, तर बीबीला हात लावू नका. सीटचे स्प्रिंग आणि सीटचा दांडा तपासा. दांडा बाहेर काढून गंज पुसायचा, पातळ ग्रीस लावायचे आणि पुन्हा बसवायचा. दुकानात या कामाचे पैसे घेणाऱ्यालाही थोडा संकोच वाटतो, इतके ते लहान आहे. तरी 'पायडलचा आवाज' म्हणून आलेल्या सायकलींत या दांड्याचा हात मोठा असतो.

काळ्या सायकलीचा खास स्वतःचा आवाज म्हणजे कॉटरचा. या सायकलीत क्रँक धुरीवर बसते ती कॉटर पिनीच्या आधाराने. पिनीला एका बाजूने तिरकी सपाटी असते, आणि पाचरीसारखी ठोकली की ती सपाटी धुरीच्या खाचेवर दाबून बसते. ती जरा जरी ढिली झाली तरी पायाचा जोर येतो त्या क्षणी 'खट्' असा आवाज येतो आणि पायाला अगदी सूक्ष्म घसरण जाणवते. ही घसरण ओळखता येणे महत्त्वाचे, कारण ढिल्या कॉटरवर सायकल दामटली तर पिनीची सपाटी चेचते, पुढे धुरीची खाचही झिजते, आणि चार पैशांचे काम धुरी बदलण्यापर्यंत जाते. पिन बसवताना नट आवळून ती आत ओढायची नसते. क्रँकखाली भक्कम आधार देऊन ती हातोडीने ठोकायची आणि मग नट लावायचा. थोडे अंतर चालवून पुन्हा एकदा ठोकून आवळायची. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घातलेल्या असाव्या लागतात. एक जरी चुकीच्या बाजूने घातली तरी दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत राहत नाहीत आणि चालवताना माणूस लंगडतोय असे वाटते. नवी पिन घेताना जुनी बरोबर न्यावी. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असलेल्या पिना बाजारात आहेत, आणि सपाटीचा उतारही सगळ्यांचा एक नसतो. चांगला मेकॅनिक नवी पिन कानस मारूनच बसवतो.

बीबीच्या आत पाव इंची छर्रे असतात, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. मागच्या चाकात तेवढ्याच मापाचे नऊ-नऊ, पुढच्या चाकात 3/16 इंचाचे दहा-दहा. सायकल उलटी करून चाक फिरवा आणि चौकटीवर हात ठेवा. छर्रे खराब असतील तर दळण दळल्यासारखी घरघर हाताला कळते. छर्रे बदलायचे तर सगळे एकदम बदलावेत. जुने झिजून लहान झालेले असतात. त्यांच्यात दोन-चार नवे मिसळले तर सगळा भार त्या नव्यांवरच येतो. छर्रे स्वस्त असतात, कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो भाग) आणि धुरी महाग. पण कोनावर छर्ऱ्यांच्या वाटेत खड्डे पडले असतील, तर नव्या छर्ऱ्यांवर घातलेले पैसे वाया गेले असे समजावे. उघडताना एक लक्षात ठेवायचे: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि बीबीच्या उजव्या कपाचेही. हे माहीत नसलेल्या हौशी माणसाने लांब पान्याने आटे कायमचे मोडल्याची उदाहरणे प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतील.

आता ची-ची. हा आवाज कोरड्या चेनचा, आणि तो ओळखायला कोणी लागत नाही. पण त्यावरचा उपाय बहुतेक जण चुकवतात. तेल चेनच्या बाहेरून चोपडून उपयोग नसतो. ते कडीच्या आत, रोलरच्या खाली जायला हवे. म्हणून आधी चेन रॉकेलमध्ये धुवायची, वाळवायची, एकेका रोलरवर थेंब सोडायचा, थोडा वेळ फिरवायची आणि बाहेरचे तेल फडक्याने पुसून काढायचे. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि तिचा पॉलिश पेपर होतो. कोकणातल्या तांबड्या मातीत तर हे फार लवकर होते. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून वापरण्याची पद्धत सर्रास आहे; त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो, तेव्हा ते न वापरलेलेच बरे. खोबरेल तेलही नको. साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजते, आणि पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी चेन जड होते.

काळी सायकल इतकी वर्षे टिकली ती तिच्या मापांमुळे. तिची घडण मूळची ब्रिटिश रोडस्टरची. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये मद्रासला टीआय, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि 1956 मध्ये लुधियानात हीरो सायकल्स उभी राहिली. नावे वेगळी, रंगपट्टे वेगळे, पण चेन अर्धा इंच पिचची आणि एक-अष्टमांश इंच रुंदीची, रिम 28 बाय दीडची, पुढे 32 आरे आणि मागे 40, व्हॉल्व्ह डनलॉपचा. त्यामुळे एका कंपनीच्या चाकात दुसरीचा कोन बसायचा. तालुक्याच्या गावातला दुकानदारही चार डब्यांत सगळा माल ठेवू शकायचा. 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. अ‍ॅटलस वापरणाऱ्या माणसाचे मात्र सुट्या भागांवाचून अडले नाही. लुधियानातले छोटे कारखाने त्याच मापाचा माल काढतच होते. पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली पाहिल्या की दांडीचा ब्रेक किती थोडा बदलला, हे दिसते.

गियरच्या सायकली आल्या आणि ही सोय संपली. आता 'सायकलची चेन द्या' असे म्हणून भागत नाही. मागे सात-आठ चकत्या असतील तर एक चेन, नऊ असतील तर तिच्याहून अरुंद, दहा-अकरा असतील तर आणखी अरुंद. आठच्या चेनची बाहेरची रुंदी सुमारे सात मिलिमीटर, अकराच्या चेनची साडेपाच. चुकीची चेन बसते, फिरतेही, पण शेजारच्या चकतीला घासत करकर करत राहते, आणि मालक गियरची तार आवळत बसतो.

चेन बदलायची वेळ झाली का, हे पाहायला महागडे अवजार नको, शाळेची फूटपट्टी पुरते. कडीच्या पिनीपासून पिनीपर्यंत मोजत गेले की 24 कड्या बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. त्यावर 1/16 इंच जास्त झाले, म्हणजे अर्धा टक्का, की नवी चेन घ्यावी. 1/8 इंच जास्त झाले, तर फ्रीव्हीलचे दातेही बहुधा चेनबरोबर झिजलेले असतात. मग नुसती नवी चेन टाकली तर ती जोर लावताना दात्यांवरून सटकते, आणि माणूस नव्या चेनलाच शिव्या देतो. वेळेवर बदललेली चेन स्वस्त पडते ती यासाठी. कंजूषपणा करायचाच असेल तर चेनवर करू नये.

टायरचा गोंधळ तर सगळ्यात वाईट. 28 म्हणून मागितलेला टायर काळ्या सायकलीचा असेल तर रिमचा व्यास 635 मिलिमीटर. हायब्रीड सायकलींच्या काही टायरांवरही 28 लिहिलेले असते, पण त्यांचा व्यास 622, आणि त्याच टायरला दुसरीकडे 700 म्हणतात. 26 ची तीच कथा: एमटीबीचा 559, तर जुन्या 26 बाय एक तीन-अष्टमांशचा 590. दुकानात तासभर पट्ट्यांनी ओढाताण करून टायर चढत नाही, तेव्हा बहुतेकदा हीच भानगड असते. उपाय टायरच्या कडेवरच छापलेला असतो, बारीक अक्षरात, 37-590 किंवा 54-559 असा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. रुंदीत थोडे इकडेतिकडे चालते, चौकटीत आणि मडगार्डमध्ये जागा असली की झाले. ट्यूब घेताना व्हॉल्व्हही पाहावा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या मोठ्या भोकात घातला की तो हलतो, आणि चाकाच्या दर फेऱ्याला टिक् वाजते. अशा टिक्-साठी लोकांनी हब उघडलेले आहेत.

ब्रेकच्या आवाजाला वेगळे कान लागतात. रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकची किंचाळी बहुधा रबर सपाट टेकल्यामुळे असते. रबराची पुढची कड आधी टेकेल असा अगदी थोडा कल दिला, मिलिमीटरभरही पुष्कळ झाला, की ती थांबते. रिमवर तेल किंवा रंगाचा थर असेल तर तोही पुसावा. डिस्क ब्रेकचा प्रकार निराळा. चाकाच्या फेऱ्याला एकदा होणारी 'शिस्' म्हणजे डिस्क किंचित वाकली आहे. ती बोटांनी हळू सरळ करता येते. पण सतत कर्णकटू किंचाळी आणि त्याच वेळी ब्रेक कमी लागणे, म्हणजे पॅडवर तेल गेले. चेनवर तेलाचा फवारा मारताना तो शेजारच्या डिस्कवर उडतो. या आवाजाचे सर्वात नेहमीचे कारण तेच. डिस्क स्पिरिटने पुसून साफ होते, पॅड मात्र तेल पितात, ते बदलावेच लागतात. नवे पॅड घेताना डिस्कवर काय लिहिले आहे ते वाचा. काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिनचे पॅड वापरा अशी स्पष्ट सूचना असते. त्यावर धातूचे सिंटर्ड पॅड लावले तर डिस्कच झिजते. दुकानदार "हे जास्त टिकतात" म्हणून तेच पुढे करतो, आणि पॅडपुरते ते खरेही असते.

काही आवाज दुरुस्त करायचे नसतात. सायकल सोडल्यावर फ्रीव्हीलची टिकटिक ही आतल्या कुत्र्यांची, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या खिट्ट्यांची असते. उलट ती अचानक बंद झाली आणि पायडल मोकळे फिरू लागले, तर जुने ग्रीस थिजून ते चिकटले आहेत. रॉकेल सोडून, धुवून पातळ तेल घातले की बहुतेकदा सुटतात. नव्याने आरे भरलेले चाक पहिल्यांदा चालवताना पिंग-पिंग करते, आवळताना पिळलेले आरे आपापल्या जागी सैल होतात म्हणून. थोड्या अंतरात ते थांबते, मग चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मात्र पुन्हा एकदा काढून घ्यावा. आणि काळ्या सायकलीच्या दांडीच्या ब्रेकची खडखड तर तिच्या सगळ्या सांध्यांची मिळून असते. ती कोणत्याही पान्याने पूर्ण जात नाही. दुकानात त्यासाठी पैसे देऊ नका; दांड्यांचे नट आवळा, जिथे दांडी दांडीवर आपटते तिथे जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळा, आणि उरलेली तशीच वाजू द्या.