शेतीचें उत्पन्न व प्राप्तिकराचा हिशेब

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. सन १८६० च्या पहिल्या कायद्यानें जमिनीच्या उत्पन्नासही कर लागू केला होता. सन १८८६ च्या कायद्यानें त्यास सूट दिली, व ती अद्याप चालू आहे. परंतु सूट असणें निराळें आणि ती पदरांत पडणें निराळें. अमुक पैसा शेतीचाच, हें दाखविण्याचा भार सूट मागणाऱ्यावर असतो.

आमचें कुटुंब एकत्र. कांदा व थोडा ऊस, संकरित गाई, आणि तालुक्याच्या गांवीं भाड्यानें दिलेली एक वखार, हीं मिळकतीचीं साधनें. सारा पैसा थोरल्या बंधूंच्या एकाच बचत खात्यांत जाई. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजारांच्या नोटा बाद झाल्या, तेव्हां घरांतील कांद्याची रोकड त्याच खात्यांत भरणें भाग पडलें. पुढें प्राप्तिकर खात्याचें पत्र आलें कीं, ही रक्कम कोठून आली? समाधानकारक खुलासा न झाल्यास अशा रकमेवर त्या वर्षाच्या कायद्यान्वयें शेंकडा ६० कर, शिवाय अधिभार. म्हणजे हातचें पीक गेल्यासारखेंच.

येथें सातबारा उपयोगीं पडला. नमुना सात जमीन कोणाची तें सांगतो. नमुना बारा कोणत्या वर्षीं कोणतें पीक होतें तें सांगतो. पुष्कळ शेतकरी पहिल्यासाठीं भांडतात आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. (आमची उभी नोकरी याच कागदांत गेली, म्हणून हें खात्रीनें सांगतों.) आमच्या बाऱ्यांत कांद्याची नोंद होती. हिशेबपट्ट्या वहिनींनीं पत्र्याच्या पेटींत तारीखवार लावून ठेविल्या होत्या. त्यांत वजन, भाव, आणि हमाली-तोलाई वजा जाऊन हातीं आलेली रक्कम स्पष्ट होती. अडचण नांवांची निघाली. जमीन कैलासवासी वडिलांच्या नांवें, पट्ट्या धाकट्या बंधूंच्या नांवें, खातें थोरल्यांचें! शेती एकच व कुटुंब एकच, हें वारसांचे कागद व प्रतिज्ञापत्र देऊन पटवावें लागलें. दोन-तीन खेपा झाल्या, पण कांद्याची रक्कम मान्य झाली.

दुधाची मात्र झाली नाहीं. गाई शेतावर बांधल्या, चारा शेतांतला, तरी दूध विकणें ही कायद्याच्या दृष्टीनें शेती नव्हे. वखारीचें भाडें व ठेवीवरील व्याज यांसही तोच न्याय. हीं तिन्ही मिळून करमुक्त मर्यादेच्या वर गेलीं, म्हणून कर भरला. त्यांतही एक पेंच आहे. इतर उत्पन्न मर्यादेच्या वर आणि शेतीचें निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर शेतीवर कर नसतां दर ठरविण्यापुरतें तें हिशेबांत मिळवितात. ही रीत सन १९७३ पासूनची. तेव्हां विवरणपत्रांत शेतीचा रकाना कोरा सोडूं नये.

आतां घरांत दोन खातीं आहेत : कांदा-उसाचें एक, दूध, भाडें व व्याज यांचें दुसरें. वारसनोंद करून घेतली. पिकाची पाहणी सन २०२१ पासून शेतकऱ्यास स्वतः मोबाइलवर नोंदवितां येते, ती मुलें हंगाम सरण्यापूर्वीं करितात. बी, खत व मजुरीच्या पावत्या त्याच पत्र्याच्या पेटींत जातात, आणि किल्ली वहिनींकडेच असते.